शेरा : तक्रार नाही

धामसरला पाणी दोनदा यायचं. एकदा नळाला आणि एकदा वहीत.

नळाचं पाणी मनाला येईल तसं वागायचं. कधी गढूळ, कधी करंगळीएवढी धार, कधी नुसतीच हवा शिट्टी मारत यायची. वहीतलं पाणी मात्र बावीस वर्षं एका मिनिटाने चुकलं नाही. टेक, सहा ते सहा-चाळीस. बाजारपेठ, सहा-चाळीस ते आठ. माळआळी, आठ ते नऊ. शेवटच्या रकान्यात शेरा : तक्रार नाही. खाली सही, अं. भि. खुटवड.

हा अंकुश खुटवड नगरपरिषदेचा चावीवाला. छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो पहाटे निघायचा, रस्त्यातल्या खड्ड्यांची झाकणं उघडायचा आणि आळीआळीचं पाणी सोडायचा, बंद करायचा. वही तो शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर एका बैठकीत लिहायचा. सोमवारचं पाणी, मंगळवारचं पाणी, आणि पुढच्या आठवड्यात कुणाचं लग्नकार्य असलं तर येणाऱ्या बुधवारचंही पाणी. साहेबाने मंजूर केलेली वेळ लिहायची, एवढंच वहीचं काम. खरी वेळ लिहिणारा चावीवाला उभ्या जिल्ह्यात कुणी पाहिला नव्हता, आणि वही वाचणाराही कुणी पाहिला नव्हता.

खरी वेळ अशी होती. टेक म्हणजे गावाचं डोकं. चौऱ्याऐंशी पायऱ्या, एकसष्ट घरं. पाण्याला वर चढायलाच वीस मिनिटं लागायची, आणि खालच्या घरांचं भरत आल्याशिवाय सगळ्यात वरच्या नळाला धार धरायची नाही. चाळीस मिनिटांत व्हॉल्व्ह बंद केला, तर खालच्या घरांना जेमतेम आणि सगळ्यात वरच्या घराला अर्धी कळशी. म्हणून अंकुश टेकाचं पाणी सात वाजून दोन मिनिटांनी बंद करायचा. ही बावीस मिनिटं तो बाजारपेठेची कापायचा. तिथे घराघरावर टाक्या, त्यांना पत्ताही लागायचा नाही. टेकाला हे ठाऊक होतं, अंकुशला ठाऊक होतं, वहीला ठाऊक नव्हतं.

आणि टेकाने एक पथ्य पाळलं होतं. तक्रार करायची नाही. नळ फुटला तर आपणच सायकलची ट्यूब गुंडाळायची, गढूळ आलं तर तुरटी फिरवायची. कारण तक्रार केली की इंजिनिअर येणार, इंजिनिअर आला की घड्याळ बघणार, आणि घड्याळ बघितलं की अंकुश जाणार.

अंकुश हे का करायचा? टेकावरचं सगळ्यात वरचं घर त्याच्या थोरल्या बहिणीचं होतं, शालनआक्काचं. बाजारपेठेत कुणाला कळलं असतं, तर तो म्हणाला असता, "बघा, बहिणीसाठी!" ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की, नोकरीला लागला त्या उन्हाळ्यात दुष्काळ होता. साहेबाने बजावलं होतं, चाळीस म्हणजे चाळीस. अंकुशने बरोबर सहा-चाळीसला चावी फिरवली. वर नळ कोरडा राहिला, म्हणून आक्का हंडा घेऊन खालच्या नळाला उतरली. सातवा महिना चालू होता. एकोणसत्तराव्या पायरीवर पाय घसरला. पोर गेलं, आणि पुन्हा झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून टेकाचं पाणी सात वाजून दोन मिनिटांनी बंद व्हायला लागलं. बहीण-भाऊ त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत.

तर अशी बावीस वर्षं गेली आणि दोन हजार एक्केचाळीस साली धामसरमध्ये प्रतिगाव आलं.

नगरपरिषदेच्या सभागृहात पुण्याहून आलेल्या ईशानी देवस्थळी नावाच्या तरुण इंजिनिअर बाईंनी ते समजावून सांगितलं. गाव जमलं होतं, कारण नाश्ता होता.

"हा गावाचा नकाशा नाही," ईशानी म्हणाली. "हे गावाचं जुळं भावंड आहे. संगणकात अकरा हजार तीनशे चाळीस प्रतिमाणसं राहतात. तुमच्यातल्या प्रत्येकाचं एक. त्याचं वय तुमचंच, घराची उंची तुमचीच, दवाखान्यातून मिळणारी गोळी तुमचीच. ती उठतात, पाणी भरतात, धुणं धुतात, चिडतात, तक्रार करतात, आजारी पडतात, गाव सोडून जातात."

"आणि घरपट्टी?" मागून कुणीतरी विचारलं.

"तीही भरतात."

"मग ते आमचं नव्हं!" सभागृह हसलं. ईशानीही हसली. मुलगी मनाची चांगली होती. वाईट असती तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

पुढचं तिने सोप्या भाषेत सांगितलं. प्रतिगावाला आधी भूतकाळ शिकवला. बावीस वर्षांच्या पाण्याच्या वह्या, विजेची बिलं, दवाखान्याचे केसपेपर, तक्रारींचे अर्ज, जन्म-मृत्यू, कोण गाव सोडून गेलं. मग ती बावीस वर्षं संगणकात लाख वेळा जगून पाहिली. दर वेळी प्रतिमाणसांचे स्वभाव थोडे थोडे पिळायचे, कुणाची तहान जरा वाढवायची, कुणाचा राग जरा कमी करायचा. असं करता करता एक वेळ अशी येते, की प्रतिगावात जे घडतं ते आणि कागदावर जे घडलेलं असतं ते तंतोतंत जुळतं. मग त्यालाच उद्याचं विचारायचं. कुणाला किती पाणी, कुठे किती डॉक्टर, कुठली शाळा चालू ठेवायची. सभा नकोत, मोर्चे नकोत. लोकांना विचारायचं, पण त्यांना न उठवता.

"एक गंमत सांगते," ईशानी म्हणाली. "पाइपाचं गणित म्हणत होतं, टेकाला बासष्ट मिनिटं लागतात. वही म्हणत होती चाळीस, आणि बावीस वर्षांत टेकाची एकही तक्रार नाही. तीन आठवडे यंत्र अडकलं. मग त्याने स्वतःच उत्तर शोधलं. टेकावरची माणसं मुळातच काटकसरी आहेत! त्यांची पाण्याची गरज इतरांपेक्षा चाळीस टक्के कमी आहे. यावर मी पुण्यातल्या एका परिषदेत निबंधही वाचला."

मागच्या रांगेत टेकाच्या बायका बसल्या होत्या. त्यांतली शमशाद मुलाणी शालनआक्काची शेजारीण. ती आक्काच्या कानात म्हणाली, "आपण काटकसरी? माझ्या सासूला कुणी सांगा हे, कबरीतनं उठून बसंल."

आक्का हसली नाही. ती व्यासपीठाकडे बघत होती. तिथे मुख्याधिकारी बेंद्रे साहेब अंकुशला पुढे बोलावत होते.

"ज्या वहीवर हे प्रतिगाव उभं आहे," साहेब म्हणाले, "ती आठ हजार नोंदींची वही, एकही खाडाखोड नसलेली, ज्यांनी लिहिली, ते आपले अंकुश भिकू खुटवड!"

शाल आली, नारळ आला, टाळ्या झाल्या. बोलायचं होतं ते त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण अंगावर शाल पडल्यावर तोंड उघडणारा माणूस फार थोड्या आयांनी जन्माला घातलाय. अंकुशने नमस्कार केला आणि खाली बसला.

पुढच्या सोमवारी व्हॉल्व्हना मोटारी बसल्या. लोखंडी चावी जिथे बसायची ती टोकं कापून टाकली. टेकाचा व्हॉल्व्ह सकाळी सहाला आपोआप उघडला आणि सहा-चाळीसला, वहीत लिहिल्याप्रमाणे, टक करून बंद झाला.

त्या सकाळी अंकुश वर चढला. आक्का नळापाशी कळशी तिरकी धरून उभी होती, शेवटचे थेंब झेलत.

"सहा-छत्तीसला आलं," ती म्हणाली. "चाळीसला गेलं."

"आक्का, मी बोलतो साहेबांशी."

"काय बोलणार? वही खोटी हाय म्हणून?" तिने कळशी खाली ठेवली. "बावीस वर्सं आमी तोंड शिवून बसलो, तुझी नोकरी ऱ्हावी म्हणून. आन् आता तूच जाऊन उसवणार व्हय?"

भिंतीपलीकडून शमशादचा आवाज आला, "भाईजान, तुमच्या त्या प्रतिशमशादला सांगा की, भर दुपारचं एक हंडा आणून देईल का? ती बसलीय काटकसर करत."

टेकाने मग तक्रार केली. एकसष्ट घरांनी एकाच दिवशी अर्ज दिले. प्रतिगावाने ते वाचले आणि बाजूला ठेवले. बावीस वर्षं एक शब्द न बोललेली वस्ती नगरपरिषदेची निवडणूक तीन महिन्यांवर आली असताना एकदम बोलते, याचा अर्थ कुणीतरी बोलवून घेतंय. अर्जांवर शिक्का पडला : संघटित तक्रार, वजन अत्यल्प. आता याला मूर्खपणा म्हणावं, तर तसंही नाही. शंभर गावांपैकी नव्वद गावांत हे अगदी खरं निघालं असतं.

एप्रिलमध्ये अंकुश ईशानीच्या खोलीत गेला. दार लावून घेतलं.

"मॅडम, वही खोटी आहे."

ती हसली. मग त्याचा चेहरा बघून हसायची थांबली. अंकुशने सगळं सांगितलं. शनिवारची बैठक, सात वाजून दोन मिनिटं, टेकाचं पथ्य. एकोणसत्तरावी पायरी तेवढी सांगितली नाही.

ईशानी बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत बसली. "म्हणजे माझे काटकसरी लोक..."

"काटकसरी नाहीत मॅडम. गप्प आहेत."

"खुटवडकाका, असं गाव उभं करताना काही गोष्टी धरूनच चालावं लागतं. ज्याची नोंद नाही ते घडलं नाही. ज्याला त्रास होतो तो बोलतो. आणि माणूस शेवटी आपलं हित बघतो."

"हे कुणी शोधून काढलं?"

"शोधत नसतात. धरतात. त्याशिवाय गणित सुरूच होत नाही."

"आणि धरलेलंच चुकलं असलं तर?"

"तर गणित बरोबर येतं," ईशानी म्हणाली, "आणि उत्तर चुकतं."

"मग हातानं बदला की. बावीस मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"हात काढून घेतलेत काका. पूर्वी प्रत्येक नगरसेवक आपापल्या आळीसाठी हात घालायचा, म्हणूनच तर हे यंत्र आणलं. माणसाने थेट काही बदलायचं नाही, फक्त नवी माहिती द्यायची. तुम्ही लेखी द्या, मी भरते. पण लेखी दिलंत की बेंद्रे साहेबांना तुमच्यावर कारवाई करावी लागेल."

अंकुशच्या निवृत्तीला चौदा महिने होते. त्याने कागद मागितला. अक्षर वहीतल्यासारखंच आलं, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही.

ईशानीने तो जबाब त्याच्यासमोर यंत्रात घातला. यंत्राने दोन मिनिटं विचार केला. पडद्यावर उत्तर उमटलं आणि ईशानीने ते पटकन मिटवायला हात पुढे केला, पण अंकुशने वाचलं होतं.

जबाब देणारा : खुटवड अंकुश भिकू. विश्वास शून्य पूर्णांक शून्य चार. कारण : बावीस वर्षे खोट्या नोंदी केल्याचे स्वतःच मान्य. लाभार्थी घरात सख्खी बहीण. संभाव्य हेतू : आप्तहित.

"आणि वहीवर किती विश्वास?" त्याने विचारलं.

"शून्य पूर्णांक नव्याण्णव." तिने मान वर केली नाही. "आठ हजार नोंदी आणि एकही विसंगती नाही. असं साधन यंत्राला फार आवडतं."

"पण मॅडम, वही मीच लिहिलीय!"

"माहितीय काका. पण प्रतिगावात वही हे एक साधन आहे आणि तुम्ही दुसरं. एक खरं बोलतं, दुसरं खोटं."

अंकुशला हसू आलं. आयुष्यभर खोटं लिहिलं तर शाल मिळाली, एकदा खरं लिहिलं तर खोटारडा ठरला. बेंद्रे साहेबांनी नियमाप्रमाणे त्याला निलंबित केलं. वाईट वाटून चहा मात्र पाजला. "खुटवड, मला सांगून करायचं होतंत," साहेब म्हणाले. "अठरा गावं या एका यंत्रावर चालतात. टेकासाठी त्याची वही खोटी म्हटली, तर उद्या सतरा गावं आपापल्या वह्या घेऊन येतील. त्याही तुमच्यासारख्यांनीच लिहिल्यात, काय मला ठाऊक नाही?"

निलंबित माणसाला सकाळी काही काम नसतं. अंकुशने दोन वीस-वीस लिटरचे कॅन घेतले आणि रोज चौऱ्याऐंशी पायऱ्या चढायला लागला. बहिणीचा पिंप भरला की शमशादचा, मग पांगळ्या धोंडीतात्याचा. टेकावरची पोरंबाळं, सुना, जावई, सगळेच पाणी वाहायला लागले. मे महिना उजाडला तरी टेक चालत राहिलं. धापा टाकत, शिव्या देत, पण चालत राहिलं.

ईशानी एकदा स्वतः चढून आली. पायरीपायरीवर थांबत, हातातल्या यंत्रावर टिपणं घेत. आक्काच्या ओट्यावर ती टेकली. आक्काने तिला पाणी दिलं. पेला अर्धाच होता; ते दोघींच्याही लक्षात आलं.

"मी रोज नवं काही ना काही भरतेय, आजी," ईशानी म्हणाली. "पण माझ्या पाहणीलाही वजन कमी. एक दिवसाची आहे ना. त्याला पक्की नोंद लागते. दवाखान्यात दाखल झालेलं माणूस. किंवा गाव सोडून गेलेलं कुटुंब. किंवा..."

"किंवा मेल्यालं," आक्काने वाक्य पुरं केलं. "आन् आमी आता काय करतोय ते कुठं दिसतं त्यास्नी?"

"काही दिसत नाही. टेकाला चाळीस मिनिटं दिली, टेकावर कुणी आजारी नाही, कुणी गेलं नाही. म्हणजे चाळीस मिनिटं पुरतात. तुम्ही जोवर निभावून नेताय, तोवर त्याच्या हिशेबी निभावण्यासारखं काही नाहीच."

ईशानी गेल्यावर आक्का भावाच्या कॅनकडे बघत बसली. अंकुश पिंपात पाणी ओतत होता.

"थांब," ती म्हणाली. "ह्या कॅननी तू पुन्यांदा वहीच लिहितोयस."

"काय?"

"तवा तू वर पाणी सोडायचास आन् खाली लिहायचास, चाळीस मिंटांत भागलं. आता तू वर पाणी आणतोस आन् त्ये यंत्र लिहितंय, चाळीस मिंटांत भागलं. तुझ्यामुळंच त्ये खरं ठरतंय, अंकुशा." तिने पिंपावर झाकण ठेवलं. "उद्यापास्नं आणू नगंस."

"तहानेनं मरशील!"

"मरायला न्हाई बसत. नोंदीला बसत्ये. दवाखान्यात दोन दिस सलाईन लावतील, तेवढी एक ओळ त्या यंत्रात जाईल. वीस-बावीस वर्सं तू माझ्यासाठी केलंस, न्हाई म्हणत न्हाई. आता मला टेकासाठी करू दे."

संध्याकाळी टेकाची बैठक झाली. ठरलं : आठ दिवस कुणी खालून पाणी आणायचं नाही, कुणी कुणाला द्यायचं नाही, जे नळाला येईल तेवढ्यावर राहायचं. आजारी पडेल त्याला सरळ दवाखान्यात न्यायचं आणि कारण लिहून घ्यायचं. अंकुशला आक्काने सगळ्यांसमोर शपथ घ्यायला लावली. त्याने घेतली.

पहिल्या दिवशी ते सगळ्यांनी पाळलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पाळल्याचं सांगितलं. घराघरात लेकरं होती, म्हातारी होती. माणूस गावासाठी उपाशी राहील, पण लेकराच्या कोरड्या ओठांपुढे बैठक-बिठक चालत नाही. भल्या पहाटे, तोंडाला पदर लावून, एकमेकींना न दिसल्यासारखं करत बायका खाली उतरायच्या. शमशादने एक हंडा आक्काच्या दारात गुपचूप ठेवला. आक्काने तो कोंबड्यांना घातला आणि रिकामा परत केला.

"शालन, अगं तू तरी वेडी होऊ नकोस," शमशाद रडकुंडीला आली. "कुणीच पाळत नाहीये."

"म्हाईत हाय की. एकानं पाळलं तरी नोंद एकच लागती."

तिला ब्लडप्रेशरची गोळी होती, अंगातलं पाणी काढणारी. ती मात्र आक्का न चुकता घ्यायची. दवाखान्याच्या कार्डावर लिहिलं होतं ना.

अंकुश रोज खाली पहिल्या पायरीशी दोन भरलेले कॅन घेऊन उभा राहायचा. चौथ्या दिवशी बेचाळीस पायऱ्या चढून गेला. वर आक्का दिसली, ओट्यावर बसलेली. तिने नुसता हात हलवला, जा म्हणून. शपथ होती. थोरल्या बहिणीचा शब्द होता. आणि खोल कुठेतरी त्याला असंही वाटत होतं, की या वेळी तरी आक्काला हवं तसं होऊ दे. तो वळला आणि कॅन घेऊन खाली उतरला. त्याच्या आयुष्यात त्याने दोनच हुकूम मिनिटामिनिटाने पाळले. एक साहेबाचा, बावीस वर्षांपूर्वीचा. दुसरा हा.

सहाव्या दिवशी दुपारी शमशादची किंकाळी खालपर्यंत ऐकू आली. आक्काला खुर्चीत बांधून चौघांनी चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरवली. दवाखान्यात सलाईन लागलं. तिने डोळे उघडले, भाऊ दिसला.

"लिवलं का?" तिने विचारलं.

"लिहितायत, आक्का."

"पाणी न्हाई म्हणून लिव म्हणावं. दुसरं कायबाय न्हाई."

तो डॉक्टरांकडे धावला. डॉक्टर तरुण होते, आक्का त्या दिवशीची त्यांची अकरावी पेशंट होती आणि बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता. कारणाच्या रकान्यात यादीतलाच एक शब्द निवडावा लागायचा. यादीत पाणी न मिळणे असा शब्द नव्हता. उष्माघात होता.

अंकुश परत येईपर्यंत आक्का पुन्हा डोळे मिटून पडली होती. मूत्रपिंडं आदल्याच दिवशी बंद पडली असावीत, असं डॉक्टर म्हणाले. पहाटे सहाच्या सुमारास ती गेली. टेकाला पाणी सुटायची वेळ होती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ईशानी अंकुशच्या घरी आली. तिचे डोळे सुजले होते. तिच्या हातात कागद होता आणि तो द्यावा की न द्यावा, हे तिचं ठरत नव्हतं.

"तुम्हाला कुणी दुसऱ्याने सांगण्याआधी मीच सांगते," ती म्हणाली. "यंत्राने नोंद घेतली. उष्माघात म्हणून. टेक उंचावर आहे, सावली नाही, उन्हाचा धोका जास्त, म्हणून दुपारी पायऱ्यांवर हिरवी जाळी बांधायची शिफारस केलीय. आणि वस्ती हळूहळू खाली हलवावी असंही."

"आणि पाणी?"

तिने कागदाची घडी घातली.

"बोला मॅडम. मी चावीवाला आहे. मला पाण्याचं सांगा."

"चाळीसच मिनिटं. पण टेकावर आता एक माणूस कमी झालं." तिने कागद त्याच्यापुढे केला. "त्यामुळे माणशी पाणी वाढलंय. शून्य पूर्णांक दोन लिटरने. पडद्यावर ते हिरव्या अक्षरांत येतं काका. सुधारणा झाली की हिरवं."

अंकुशने तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं. पेला काठोकाठ भरलेला होता. त्याच्या माळआळीत पाण्याला तोटा नव्हता. तिला तो उचलवेना. थोड्या वेळाने ती उठून गेली.

तो शनिवार होता. दुपार होती. अंकुशने कपाटातून जुनी वही काढली, अर्धी कोरी राहिलेली. मोटारी बसल्यावर ती मागायला कुणी आलंच नव्हतं. त्याने पेनाचं टोपण काढलं. एकदा तरी खरं लिहायचं, असं त्याने ठरवलं होतं. यंत्र वाचो न वाचो, माणूस वाचो न वाचो. जे घडलं तेच, घडलं तसंच लिहायचं.

तारीख घातली. आळीचं नाव लिहिलं, टेक. मग वेळ. आज पाणी किती वाजता सुटलं, किती वाजता बंद झालं, ते त्याने स्वतः पायऱ्यांवर उभं राहून, घड्याळ लावून बघितलं होतं. त्याने लिहिलं : सहा ते सहा-चाळीस.

तो लिहिलेल्याकडे बघत राहिला. मग मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं, त्याच्याही मागचं. प्रत्येक ओळीत हेच होतं.

शेवटचा रकाना राहिला होता. टेकावरच्या निम्म्या घरांनी खाली भाड्याच्या खोल्या बघायला सुरुवात केली होती. शमशाद परवाच मुलाकडे निघून गेली होती. आज सकाळी व्हॉल्व्ह टक करून बंद झाला, तेव्हा वरून एकही आवाज आला नव्हता. जिने आवाज केला असता, तिचं दार बंद होतं. अंकुशने खूप आठवून पाहिलं. खरं तेच लिहायचं होतं.

शेरा, त्याने लिहिलं, तक्रार नाही. आणि खाली सही केली.